गॅलरी तेवढीच, झाडं चौपट: घरच्या ऑर्किडचा हिशेब

चार फूट लांब आणि सव्वा फूट खोल फळीवर चार इंची कुंड्या खेटून लावल्या तर छत्तीस बसतात. त्याच फळीवर पूर्ण वाढलेली फॅलेनॉप्सिस (रुंद पानांचं ऑर्किड) जेमतेम चार बसतात, कारण तिच्या पानांचा घेरच फूटभर असतो. उभी वाढणारी डेंड्रोबियम ऑर्किडं सहा-सहा इंचांवर दोन रांगांत सोळा बसतात. झाड विकत घेताना बहुतेकजण कुंडी मोजतात आणि तिथंच फसतात. फळी भरायच्या कितीतरी आधी दोन गोष्टी संपतात: पानांमधली हवा आणि सकाळी पाणी घालायला मिळणारा वेळ. हवा संपली की सड लागते, वेळ संपला की सगळ्यांना सरसकट एकच पाणी दिलं जातं आणि तरीही सडच लागते. या दोन गोष्टी धरून मांडणी केली तर आठ बाय चारच्या गॅलरीत पन्नास-साठ झाडं नीट नांदतात. नाहीतर पंचवीसच डोक्याला ताप होतात.

म्हणून पहिलं काम कागदावर. गॅलरीची लांबी, कठड्याची उंची आणि छताला असलेले हुक मोजा. प्रत्येक झाडासमोर कुंडीचा आकार न लिहिता पानांचा घेर लिहा. दोन झाडांच्या पानांमध्ये किमान दोन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. त्यावरून जो आकडा येईल तो गॅलरीचा पट. त्यातल्या दहातल्या दोन जागा रिकाम्याच ठेवायच्या. एक जागा नवीन झाडाच्या फुटव्यांसाठी आणि दुसरी आजारी झाड बाजूला काढायला.

ऊन कुठून येतं

आपलं कोल्हापूर साधारण 16.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मधले तीन महिने तो दुपारी चक्क उत्तरेला कललेला असतो. दक्षिणेच्या गॅलरीला त्या काळात थेट ऊन मिळतच नाही. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे ऊन तिरपं होऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं. म्हणजे दक्षिणेची गॅलरी हिवाळ्यात भाजते आणि पावसाळ्यात अंधारते. ‘उन्हाळ्यात काही झालं नाही, थंडीत पानं कशी करपली’ या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

पूर्वेची गॅलरी सगळ्यांत सोपी. दहा-साडेदहापर्यंतचं कोवळं ऊन डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम सगळ्यांना मानवतं. पश्चिमेला मार्च ते मे दुपारी तीन ते पाचचं ऊन झाडाला सोसत नाही, तिथं 75 टक्के ऊन अडवणारी शेडनेट लागतेच. पूर्वेला मार्चपासून 50 टक्क्यांची पुरते, पाऊस सुरू झाला की काढून ठेवायची. उत्तरेच्या गॅलरीत फॅलेनॉप्सिस लावा, वांदाचा (लोंबत्या मुळांचं, भरपूर उजेड मागणारं ऑर्किड) नाद सोडा. शेडनेट शेती साहित्याच्या दुकानात मीटरवर मिळते. ती पानांपासून दीड-दोन फूट लांब ताणायची. पानांना टेकली तर तापलेली जाळीच पान भाजते.

उजेड मोजायला यंत्र लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास पानाच्या वर एक फुटावर हात धरा. सावली रेखीव आणि काळी पडली तर ती जागा वांदाची, फॅलेनॉप्सिसची नाही. कडा पुसट असलेली सावली फॅलेनॉप्सिसला योग्य. सावली दिसतच नसेल तर तिथं पानं वाढतील, फुलं येणार नाहीत. पानांचा रंगही सांगतो. डेंड्रोबियमचं पान गर्द काळपट हिरवं असेल तर उजेड कमी, पोपटी असेल तर बरोबर, कडेला लालसर झाक आली तर हद्द झाली. हात लावल्यावर पान गरम लागलं तर रंगाची वाट बघू नका, लगेच सावली करा.

जातीनं नाही, तहानेनं रांगा लावा

वाढत्या संग्रहात सगळ्यांत जास्त उपयोगी पडणारी गोष्ट हीच. बहुतेकजण जातीनुसार किंवा रंगानुसार मांडतात, दिसायला छान दिसतं. पण पाणी घालताना मग प्रत्येक कुंडीत बोट घालून बघावं लागतं. साठ कुंड्यांना तास जातो, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो आणि मग पाईप सगळ्यांवर फिरतो. त्याऐवजी तीन गट करा.

पहिला गट रोजच्यांचा: उघड्या मुळांचे वांदा आणि मोकारा, लाकडावर बांधलेली लहान झाडं. दुसरा दोन-तीन दिवसांनी पिणाऱ्यांचा: कोळसा-विटेतली डेंड्रोबियम, ऑन्सिडियम, कॅटलिया. तिसरा आठवड्याकाठी एकदा पिणाऱ्यांचा: मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) किंवा झाडाच्या सालीतली फॅलेनॉप्सिस. प्रत्येक गट एका ठिकाणी, एका हाताच्या अंतरात. साठ झाडं वीस-पंचवीस मिनिटांत होतात.

इथं एक मेख आहे. तहान जातीवर जेवढी, तेवढीच कुंडीतल्या मिश्रणावर अवलंबून असते. कोळशातली फॅलेनॉप्सिस दुसऱ्या गटात जाते, मॉसमधलं डेंड्रोबियम तिसऱ्यात. म्हणून एका जातीला एकच मिश्रण आणि एकाच प्रकारची कुंडी, हा नियम स्वतःला घालून घ्या. भेट म्हणून आलेली फॅलेनॉप्सिस तर हमखास फसवते. वरून साल दिसते, पण मध्यभागी रोपवाटिकेतल्या दिवसांचा मॉसचा घट्ट गोळा तसाच राहिलेला असतो. वरची साल कोरडी पडली म्हणून पाणी घालत राहतो आणि आत मुळं कुजत राहतात. फुलं गळाली की झाड काढून तो गोळा चिमट्यानं सोडवून टाकायचा.

कुंडी सुकली की नाही हे वजनावरून ओळखायला शिका. पाणी घातल्यावर एकदा उचलून बघा, दोन दिवसांनी पुन्हा उचला. पंधरवड्यात हाताला अंदाज येतो. पारदर्शक कुंडीत तर मुळंच सांगतात: हिरवी म्हणजे ओली, चंदेरी म्हणजे तहानलेली.

उभी जागा

जमीन कमी असली तरी कठडा आणि भिंत मोकळीच असते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा जवळच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे तीन बाय चार फुटांची दोन इंची चौकटीची वेल्डमेश जाळी अँगलच्या फ्रेममध्ये बसवून घ्या. रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइल पेंटचे दोन हात, नाहीतर दुसऱ्याच पावसाळ्यात गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतात. जाळी भिंतीपासून तीन-चार इंच पुढं उभी करा, मागून हवा गेली पाहिजे. एस आकाराचे हुक आणि कडी असलेल्या प्लास्टिक कुंड्या लावल्या की अशा एका जाळीवर वीस डेंड्रोबियम बसतात.

भिजलेली चार इंची कुंडी अर्धा किलोच्या आसपास भरते. म्हणजे वीस कुंड्यांचे दहा किलो, वर जाळीचं आणि फ्रेमचं वजन. कठड्याला तारेनं गुंडाळून भागत नाही, क्लॅम्प आणि नटबोल्ट हवेत. जाळी कठड्याच्या आतल्या बाजूलाच लावा. वळवाच्या वाऱ्यात चौथ्या मजल्यावरून पडलेली कुंडी कुणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही. तांब्याची तार मात्र कुठंच वापरू नका, तिच्यावरून ओघळणारं पाणी मुळांना मारतं.

वरच्या कुंडीचं पाणी खालच्या कुंडीत गळू देऊ नका. पाण्याबरोबर खताचे क्षार उतरतात, बुरशीही उतरते, आणि खालचं झाड कायम ओलं राहतं. कुंड्या एकाखाली एक न लावता तिरप्या लावा. छताला टांगलेल्या वांदाची मुळं दोन-तीन फूट लोंबतात. त्यांच्याखाली फळी नकोच, बादली किंवा रिकामी फरशी बरी. जागेचा विचार केला तर एक मोठा वांदा पाच-सहा लहान झाडांची जागा खातो, हे घेतानाच लक्षात असू द्या.

लाकडावर बांधणं हा जागा वाचवायचा आणखी एक मार्ग. सागाचा किंवा जुन्या आंब्याचा खडबडीत साल असलेला वीतभर तुकडा, तंगूसनं झाड आवळून बांधायचं, मुळाशी मॉसची पातळ चिंधी. सहा-आठ महिन्यांत मुळं लाकडाला धरतात, मग तंगूस कापायचा. पण आपल्याकडं मार्च ते मे दुपारची हवा इतकी कोरडी होते की अशा झाडांना दिवसातून दोनदा फवारा लागतो. नोकरीमुळं दिवसभर घर बंद राहत असेल तर लाकडावर चार-पाचपेक्षा जास्त झाडं चढवू नका.

कुंडी आणि भरण

कोळसा इस्त्रीवाल्याकडचा, म्हणजे लाकडाचा लोणारी कोळसा. दगडी कोळसा किंवा दाबून केलेल्या विटा चालत नाहीत. तुकडे एक ते दोन सेंटिमीटरचे, चाळून धूळ काढलेली. पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडे घ्या, कच्ची वीट वर्षात विरघळून चिखल होते. याहून चांगली म्हणजे जुनी मंगलोरी कौलं. जुना वाडा किंवा घर पाडलं की ती पडून असतात, फोडून धुतली की काम झालं.

नारळाच्या सोडणाचे तुकडे घ्यायचे तर आधी चोवीस तास भिजवा आणि पाणी तीनदा बदला. पाण्याचा चहासारखा रंग फिका पडेपर्यंत क्षार निघत असतात. न भिजवता वापरलं तर मुळांची टोकं काळी पडतात.

डेंड्रोबियम, ऑन्सिडियम आणि कॅटलियाला दहा भागांत पाच कोळसा, तीन वीट किंवा कौल, दोन सोडण. फॅलेनॉप्सिसला पाच भाग पाइनची साल, तीन कोळसा, दोन सोडण. गगनबावड्याकडं किंवा राधानगरीच्या बाजूला राहणाऱ्यांनी सोडण अर्ध्यावर आणावं, तिथला पाऊस शहरापेक्षा कितीतरी जास्त. वांदाला काहीच नको, नुसती टोपली.

कुंडी मोठी घेणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. ‘आत्ताच मोठी घेऊ, परत बदलायला नको’ हा हिशेब गुलाबाला चालतो, ऑर्किडला नाही. मोठ्या कुंडीत मधलं मिश्रण दिवसेंदिवस ओलं राहतं. मुळांचा गोळा मावून चहूबाजूंनी एक बोट जागा उरली की पुरे. डेंड्रोबियम तर चिंचोळ्या कुंडीतच जास्त फुलतं. हे जागेच्याही पथ्यावरच पडतं: तीन इंची आणि चार इंची, एवढ्या दोनच मापांत बहुतेक संग्रह बसतो.

सोडण दीड-दोन वर्षांत मऊ पडतं, साल दोन वर्षांत, कोळसा-कौल तीन-चार वर्षं टिकतं, फक्त कोळशात क्षार साठत जातात. कुंडी बदलायचा मुहूर्त कॅलेंडरवर शोधू नका. फुलं संपलेली असावीत आणि नव्या फुटव्याच्या तळाशी मुळांची हिरवी टोकं नुकती डोकावत असावीत. आपल्याकडं हे बहुधा फेब्रुवारी अखेर ते मार्चमध्ये आणि मग जूनच्या सुरुवातीला जुळतं. ऐन थंडीत बदललेलं झाड महिनोन्महिने हलत नाही.

पाणी आणि खत

बोअरचं पाणी जड असेल तर पानांवर पांढरे डाग आणि कुंडीच्या कडेला खवले दिसतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त असतो, घ्या. 200 च्या खाली असलं तर उत्तम. बोअरचं 600 आणि साठवलेलं पावसाचं 50 असेल तर एक भाग बोअर आणि तीन भाग पाऊस मिसळून साधारण 190 येतं. पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीखाली एक ड्रम लावला तर पुढचे महिने भागतं. पहिल्या दोन पावसांचं धुळीचं पाणी सोडून द्या आणि झाकण लावून मच्छरजाळी बांधा. घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी ‘फुकट जातंय’ म्हणून ऑर्किडला घालू नका, क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

खत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच), जे ऊस आणि भाजीपाल्याला ठिबकमधून सोडतात तेच. लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला सपाट छोटा चमचा, आठवड्यातून एकदा. आधी साधं पाणी, मग खताचं, म्हणजे कोरडी मुळं पोळत नाहीत. त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो आणि कोळसा-विटेत तो झाडाला सहज मिळत नाही. म्हणून महिन्यातल्या एका आठवड्याला 19:19:19 ऐवजी कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम द्या. दोन्ही एका बादलीत कालवू नका, कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून पांढरा साका खाली बसतो आणि दोन्ही वाया जातात. महिन्याचा चौथा आठवडा खताचा नाही: नुसत्या पाण्यानं कुंडी तळातून वाहीपर्यंत दोनदा धुवायची. शेणखत, गांडूळखत आणि गुळाचं पाणी कुंडीवरून लांबच ठेवा. मुळांना हवा हवी असते आणि हे सगळं कुंडीत चिखल करतं.

वांदा बादलीत पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवायची पद्धत चांगली आहे, पण संग्रह वाढला की एकच बादली सगळ्यांना फिरवली जाते. एकाची बुरशी दहांना. बुडवण्यापेक्षा मुळं चंदेरीची हिरवी होईपर्यंत फवारा मारणं सुरक्षित.

कोल्हापूरचं वर्ष

नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री थंड होतात आणि फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा धरायला तेच हवं असतं. तिला घरात आणून उबेला ठेवलं तर दांडा येत नाही, गॅलरीतच राहू द्या. दांडा दिसल्यावर कुंडीची दिशा बदलू नका, फुलं वेडीवाकडी वळतात. डेंड्रोबियम नोबिलीला या दिवसांत खत बंद आणि पाणी अगदी कमी. लाड केले तर फुलांच्या जागी पिलं, म्हणजे छोटी रोपं, फुटतात.

एप्रिल-मेमध्ये पाणी सकाळी सातच्या आत. संध्याकाळी फरशी ओली करा, झाडं नाही. वळीव येतो तेव्हा दिवसभर तापलेल्या पानांवर गार पाणी पडतं आणि पानाच्या बेचक्यात रात्रभर साठून राहतं. वळवानंतर फॅलेनॉप्सिसच्या गाभ्यातलं पाणी टिश्यू पेपरच्या सुरळीनं टिपून घ्या. हाच एक आळस किती झाडं खातो!

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. पाऊस थेट लागत असेल तर वर 200 मायक्रॉनचा यूव्ही कागद उतार देऊन ताणा, बाजू मोकळ्या ठेवा. आडोसा असूनही हवाच एवढी ओली असते की दुसऱ्या गटाला पाच-सहा दिवस पाणी लागत नाही आणि तिसऱ्याला दहा-बारा दिवस. सवयीनं घातलेलं पाणी हाच जुलैतला शत्रू. फॅलेनॉप्सिसच्या कुंड्या थोड्या कलत्या ठेवा, निसर्गात ती झाडाच्या खोडावर तशीच लोंबते. लहान पंखा कमी वेगावर दिवसरात्र चालू ठेवा. तोंड भिंतीकडं, म्हणजे हवा फिरते पण झोत झाडांवर येत नाही. पंख्याचा प्लग पावसापासून आत, जमिनीपासून वर. आणि पावसाळ्यापुरती दर तिसरी कुंडी घरातल्या खिडकीत हलवता आली तर औषधापेक्षा त्याचा गुण जास्त येतो. मघाशी दहातल्या दोन जागा रिकाम्या ठेवायला सांगितल्या, त्यांची किंमत याच महिन्यांत कळते.

सड आणि कीड

पान पाणचट, अर्धपारदर्शक होऊन दोन दिवसांत पसरलं आणि वास आला तर ती जिवाणूची सड. बुडापासून काळा-जांभळा पट्टा वर चढत असेल तर काळी सड, ती बुरशीसदृश फायटोफ्थोरानं होते. दोन्हीत पहिलं काम एकच: झाड वेगळं काढा आणि डागाच्या पुढं निरोगी भागात एक इंच जाऊन कापा. पातं प्रत्येक कापाआधी गॅसच्या ज्योतीवर लाल करा. कापावर दालचिनीची पूड चालते, मुळांवर नको, ती मुळं सुकवते. आठवडाभर पाणी बंद. काळ्या सडीला मेटॅलॅक्सिल-मँकोझेबचं मिश्रण लिटरला दोन ग्रॅम. जिवाणूवर त्याचा काही उपयोग नाही, तिथं कोरडेपणा हेच औषध. तांबायुक्त औषध डेंड्रोबियमवर आणि फुलांवर मारू नका, करपतात. फवारणी गच्चीवर, हातमोजे आणि मास्क घालून. गॅलरीचं दार स्वयंपाकघरात उघडत असेल तर अजिबातच गॅलरीत नको.

कीड ऋतूनं येते. एप्रिलमध्ये कोळी: पानाखालची बाजू चंदेरी, खरखरीत दिसते. दोन-तीन दिवसांनी पानाखाली पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी आटोक्यात येतो. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड वर्षभर, आणि मुंग्या दिसल्या की ती आहेच समजा, कारण मुंग्या तिच्या गोड चिकट्यासाठी तिची राखण करतात. कापसाला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पानाच्या देठाच्या बेचक्यात कानकोरण्याच्या काडीनं. सात दिवसांनी पुन्हा, असं चार वेळा. एकदाच पुसून सोडलं तर अंड्यातली पुढची फौज बाहेर येते. त्यावर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब, संध्याकाळी.

जूनमधली गोगलगाय मात्र खोडकर. एका रात्रीत नव्या मुळांची सगळी टोकं खाते आणि दिवसा कुंडीच्या तळाशी लपते. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन बघा. काकडीची फोड कुंडीवर ठेवा आणि पहाटे उचला, गोगलगाय तिच्याखालीच सापडते.

पानांवर पिवळे-काळे खोलगट ठिपके किंवा पट्टे, फुलांत रंग फाटल्यासारखा, आणि झाड वर्षागणिक लहान होत जाणं ही विषाणूची लक्षणं. उपाय नाही. ते झाड कितीही महाग असो, कचऱ्यात. विषाणू कात्रीवरून पसरतो, म्हणून दांडे छाटतानाही कात्रीला ज्योत दाखवायची.

नवीन झाड आत घेताना

कुरिअरनं आलेलं झाड थेट जाळीवर लावू नका. चार आठवडे वेगळ्या खोलीत किंवा निदान सहा फूट लांब. आल्या दिवशी कुजलेली मुळं कापा, पंधरा मिनिटं साध्या पाण्यात, मग आठवडाभर सावलीत. नवं मुळाचं टोक दिसेपर्यंत खत नाही.

काय घेऊ नये याची यादी जास्त कामाची. बंगालच्या डोंगरातल्या कालिम्पाँगच्या थंडीत वाढलेली सिम्बिडियम इथं पानांची झुडपं होतात, फूल क्वचितच. मोठं फूल देणाऱ्या जातीची कॅटलिया फुलते, पण फळी अडवते. त्याऐवजी बुटकी कॅटलिया, लहान फॅलेनॉप्सिस, टोलुम्निया: तीन इंची कुंडी, आणि एका फुटात तीन झाडं. प्रयोगशाळेत वाढवलेली बाटलीतली रोपं स्वस्त पडतात म्हणून घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, एका बाटलीत वीस-तीस रोपं असतात आणि फुलायला तीन ते पाच वर्षं लागतात. तेवढी वर्षं ती जागा बांधली जाते.

राधानगरी, आंबा घाट, गगनबावड्याच्या जंगलात पावसाच्या तोंडावर सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड फुललेलं दिसतं. कुणी तिला बांडगूळही म्हणतं, पण ती झाडाचा रस शोषत नाही, फक्त बसायला फांदी वापरते. ती तिथंच राहू द्या. अभयारण्यातून झाड आणणं गुन्हा आहे, आणि मुळं तोडून आणलेलं जंगली झाड गॅलरीत बहुधा टिकतही नाही. हवीच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली सीतेची वेणी मिळते.

फोडायचं की नाही

झाड वाढलं की फोडून दोन करायचा मोह होतो. जागा कमी असेल तर उलटं करा. तीन-चार काड्यांची (म्हणजे उभ्या खोडांची) तीन डेंड्रोबियम तीन कुंड्यांत जेवढी फुलं देतात, त्याहून जास्त बारा काड्यांचं एकच झाड सहा इंची कुंडीत देतं, आणि पाणी एकाच ठिकाणी घालावं लागतं. फोडायचंच तर प्रत्येक भागात किमान तीन-चार काड्या आणि एक जिवंत डोळा हवा. दोन काड्यांचा तुकडा जगतो, पण दोन वर्षं फुलत नाही. दांड्यावर किंवा काडीवर आलेलं पिल्लू तीन मुळं दोन-दोन इंच झाल्यावरच सोडवा.

प्रत्येक कुंडीत प्लास्टिकची पट्टी, त्यावर शिसपेन्सिलीनं नाव, आणल्याचा महिना, कुंडी बदलल्याचा महिना. मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडते, पेन्सिल वर्षानुवर्षं राहते. वहीत फक्त फुलल्याचा महिना लिहा. दोन वर्षं एकही नोंद नसलेल्या झाडाची आधी जागा बदला, उजेड वाढवा. तिसऱ्या वर्षीही नाही, तर ते दुसऱ्या कुणाच्या गॅलरीचं झाड आहे असं समजून देऊन टाका. नवीन आणलं की त्याच आठवड्यात एक बाहेर, नाहीतर पट मोडतो.

देताना कुंडीसकट द्या आणि जूनमध्ये नको, ऑक्टोबरात द्या. पावसाळ्यात घर बदललेलं झाड नवख्या हातात सडतं. पट्टीवर नावाखाली गटाचा आकडाही लिहा, एक, दोन किंवा तीन, म्हणजे घेणाऱ्याला किती दिवसांनी पाणी घालायचं ते विचारायला फोन करावा लागत नाही.